चव्वेचाळिसावी फ्रेम: कडबनवाडीच्या एका भोवत्याची ओळख

भाच्याचा फोटो मोबाइलवर आला तेव्हा मी नुकताच चहा घेऊन बसलो होतो. जानेवारीतला रविवार होता. तो आणि त्याचा मित्र पहाटे पुण्याहून निघून इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या माळावर गेले होते. फोटो खरोखर देखणा होता. सूर्य नुकताच वर आलेला, वाळलेल्या गवतावर सोनेरी उजेड, आणि त्यावर पंख उंच उचलून तरंगणारा एक तपकिरी भोवत्या. ऊन पिसांतून आरपार आलं होतं, त्यामुळे पंखावरचा पट्टा न् पट्टा उठून दिसत होता. खाली ओळ होती: ‘माँटेग्यूज हॅरियर, मादी’.

त्या ओळीतली ‘मादी’ मला खटकली. तिथून जे सुरू झालं ते चार संध्याकाळी चाललं. दोनदा मत बदललं, आणि त्यातला एकदा चुकलो तो मीच. शिकारी पक्ष्यांच्या फोटोंवरून ओळख पटवताना नेमकं काय घडतं आणि कुठे घसरायला होतं, हे या एका पक्ष्याने मला जितकं नीट दाखवलं तितकं दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याने दाखवलेलं नाही. म्हणून ते क्रमाने लिहितो.

गोंधळ कशाचा?

भोवत्या म्हणजे हॅरियर. माळरानावर गवताच्या टोकांना जवळजवळ पोट लागेल इतक्या खालून, पंख उथळ ‘व्ही’सारखे धरून तो सावकाश घिरट्या घालतो, मध्येच वळतो आणि पाय सोडून गवतात पडतो. त्याचा चेहरा घुबडासारखा थोडा बशीच्या आकाराचा असतो, आणि गवतातली खसखस त्याला ऐकूनही कळते. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या भोवत्यांपैकी पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जाती कोरड्या गवताळ माळावर एकत्र दिसतात. दोन्ही कझाकस्तानाकडच्या स्टेप, म्हणजे विस्तीर्ण गवताळ प्रदेशातून सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. गुजरातमधल्या वेळावदरला या पक्ष्यांचा रात्रीचा थवा शेकड्यांनी उतरतो. आपल्याकडे नान्नज, सासवड, मोरगाव, कडबनवाडी या माळांवर ते विखुरलेले भेटतात.

नर असेल तर प्रश्नच नाही. पॅलिडचा नर इतका फिका राखाडी की लांबून पांढराच वाटतो, आणि पंखाच्या टोकाला काळी निमुळती पाचर. माँटेग्यूचा नर जास्त राखाडी, पंखावर वरून आडवी काळी रेघ, पोटावर तांबूस रेषा. खरी अडचण तपकिरी पक्ष्यांची आहे. दोन्ही जातींच्या माद्या आणि दोन्ही जातींची पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं, सगळी तपकिरी. सगळ्यांच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, शेपटीवर आडव्या कड्या. इंग्रजीत त्यांना सरसकट ‘रिंगटेल’ म्हणतात, आणि आपले पक्षीमित्रही आता तोच शब्द वापरतात.

हा गुंता जुना आहे. एके काळी युरोपात ‘रिंगटेल’ ही वेगळीच जात मानायचे. जॉर्ज माँटेग्यू या इंग्रज निसर्गअभ्यासकाने भोवत्याची पिल्लं स्वतः वाढवून राखाडी नर आणि कडीवाला तपकिरी पक्षी ही एकाच जातीची जोडी असल्याचं दाखवलं. आज त्याच्या नावाने ओळखली जाणारी जात त्याने 1802 च्या पक्षीकोशात वेगळी काढली. दोनशे वर्षांनी, हातात सहाशे मिलिमीटरची लेन्स असूनही, आपण त्याच तपकिरी पक्ष्यापाशी अडतो आहोत.

आधी वय

भाच्याला फोन केला. ‘मादी कशावरून?’

‘मामा, पट्टे बघ ना. पंखाखाली दोन काळे पट्टे, मधे रुंद फिका पट्टा, आणि तो अंगापर्यंत गेलाय. पुस्तकात माँटेग्यूच्या मादीला अगदी असंच दाखवलंय.’

पुस्तकात तसं आहे, आणि ते बरोबर आहे. पंखाच्या मनगटापुढच्या लांब पिसांना प्रायमरी म्हणतात आणि मनगट ते कोपर यामधल्या पिसांना सेकंडरी. प्रौढ माँटेग्यू मादीच्या सेकंडरी पिसांवर खालून ठसठशीत गडद पट्टे असतात, आणि त्यांच्यातली फिकी जागा रुंद असते. पॅलिड मादीच्या सेकंडरी एकंदरीत काळपट, फिके पट्टे अरुंद, आणि अंगाकडे येता येता ते विझत जातात. दोन माद्या वेगळ्या करायला याहून चांगली खूण नाही. पण ती खूण प्रौढ मादीची आहे. समोरचा पक्षी प्रौढ मादी आहे की नाही, हे आधी ठरायला हवं होतं आणि तेच राहून गेलं होतं.

मी त्याला छाती बघायला सांगितली. प्रौढ मादीच्या फिकट छाती-पोटावर उभ्या तपकिरी रेषा असतात. पहिल्या वर्षाच्या पिल्लाची छाती सपाट, विटकरी-केशरी झाक असलेली. फोटोत छाती सपाट विटकरी होती. पंखाची मागची कड एकसारखी होती, कुठे जुनं झिजलेलं पीस आणि शेजारी नवं गडद पीस असा प्रकार नव्हता. पिल्लाची सगळी पिसं एकाच वेळी घरट्यात उगवलेली असतात, म्हणून ती एकसारखी दिसतात. पंखाच्या वरच्या बाजूला झाकणपिसांच्या टोकांची बारीक फिकी रेघही होती. म्हणजे हे पिल्लूच.

मग पट्ट्यांचं काय? दोन्ही जातींच्या पिल्लांच्या सेकंडरी खालून काळपट असतात आणि त्यांवर पट्टेही असतात, फक्त एरवी ते गडदपणात बुडून जातात. इथे सूर्य पक्ष्याच्या मागे होता. उजेड पिसांतून गाळून आला, गडद भाग पारदर्शक झाला आणि पट्टे कंदिलाच्या कागदावरच्या नक्षीसारखे उजळले. फोटो ज्या गुणामुळे सुंदर झाला, त्याच गुणाने भाच्याला फसवलं होतं.

हे त्याला पटायला वेळ लागला नाही. त्याच्या सहा निवडक फोटोंत दुसरा एक होता, मोजून तीन सेकंदांनंतरचा. पक्षी वळून उन्हाकडे तोंड करून गेलेला. त्यात त्याच सेकंडरी जवळजवळ एकरंगी काळपट दिसत होत्या. पहिल्या फोटोत गंजासारखं दिसणारं पोट इथे मारीच्या बिस्किटाच्या रंगाचं होतं. पक्षी तोच, सकाळ तीच.

माझी चूक

आता प्रश्न बदलला. पिल्लू कुणाचं?

इथे चेहरा बोलतो. पॅलिडच्या पिल्लाच्या कानावरचा गडद डाग मोठा असतो आणि पुढे चोचीच्या मुळापर्यंत पोचतो. त्याच्या मागून गळ्याभोवती स्वच्छ, रुंद, फिकी कॉलर फिरते, आणि कॉलरच्या लगेच खाली मानेच्या बाजूला गडद तपकिरी ठिगळ असतं. त्या ठिगळामुळेच कॉलर मफलरसारखी उठून दिसते. माँटेग्यूच्या पिल्लाचा कानाचा डाग लहान, डोळ्याच्या वर-खाली पांढरं जास्त, त्यामुळे चेहरा मोकळा वाटतो. कॉलर नसते, किंवा असली तर अरुंद आणि तुटक.

सहांपैकी चौथ्या फोटोत चेहरा बाजूने होता, आणि त्यात कॉलर होती. फिकी, ठळक, आणि तिच्याखाली गडद मान. मी भाच्याला लिहिलं, ‘पॅलिड, पहिल्या हिवाळ्यातला. अभिनंदन.’ तो हरखला. जगभरात संकटग्रस्ततेच्या उंबरठ्यावर मानली जाणारी ही जात आहे. त्याने लगेच ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरची आपली नोंद बदलली. दोन जुन्या मित्रांना मी फोटो पाठवला. त्यांनीही पॅलिडच म्हटलं. आम्ही तिघांनी एकच फोटो बघितला होता, त्यामुळे तीन मतं जमली तरी पुरावा एकच होता, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच फोटो पुन्हा बघताना डोळ्याभोवतीचं पांढरं मला जास्त वाटलं. पॅलिडला इतकं नसतं. मग मी त्याला विचारलं, फोटोवर काय काय केलंस? त्याने सांगितलं: सावल्या उचलल्या, क्लॅरिटी वाढवली, नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून एकदा फिरवला, शेवटी थोडा शार्प केला. हल्ली सगळेच करतात, आणि भिंतीवर लावायच्या फोटोसाठी त्यात काही वावगं नाही. मी मूळ रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेली काहीही न बदललेली फाइल, मागवली.

दोन्ही फाइली शेजारी-शेजारी लावून डोक्याचा भाग दोनशे टक्के मोठा केला. रॉमध्ये कॉलर होती, पण अरुंद कोर होती ती, कानाच्या डागामागे उजळ आणि मानेकडे जाता जाता पुसट. त्याखालची मान गडद नव्हती. जबड्याची सावली तिथे पडली होती. क्लॅरिटी वाढवली की उजेड-सावलीच्या सीमेवरचा फरक ताणला जातो. उजळ कोर आणखी उजळ झाली, सावली आणखी काळी, आणि माँटेग्यूच्या मानेवर पॅलिडचा मफलर तयार झाला.

त्याहून धक्का बसला तो छातीमुळे. ज्या छातीला आम्ही ‘सपाट’ म्हटलं होतं, तिच्या बाजूंना आणि काखेखाली रॉमध्ये केसासारख्या बारीक गडद रेघा होत्या, मोजून आठ-दहा. नॉइज काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यांना दाणे समजून पुसून टाकलं होतं. वयाचा निर्णय त्याने बदलत नाही, कारण प्रौढ मादीच्या रेषा रुंद असतात आणि पोटभर असतात. जातीसाठी मात्र त्या रेघा महत्त्वाच्या. पॅलिडच्या पिल्लाची छाती सहसा अगदी कोरी असते. छातीच्या बाजूला आणि कुशीवर अशा बारीक रेघा माँटेग्यूच्या पिल्लाला शोभतात.

म्हणजे मी घाईने दिलेला निकाल लटका पडला. तरी ‘शोभतात’ एवढ्यावर जात ठरत नाही. मला पंखाचं टोक खालून, समोरच्या उजेडात बघायचं होतं, आणि सहांपैकी एकाही फोटोत ते नव्हतं.

टाकलेल्या फ्रेमा

‘तू एकूण किती काढलेस?’

‘एकसष्ट. पण बाकीचे बेकार होते रे मामा. शेपूट कापलेली, हललेले, पाठमोरे. सहाच उतरवून घेतले.’

‘आणि कार्ड?’

कार्ड अजून कॅमेऱ्यातच होतं. शनिवारी दुसरीकडे जायचं म्हणून तो त्याच रात्री ते फॉरमॅट करणार होता. मी त्याला हात लावू नकोस म्हणून बजावलं आणि बुधवारी थेट ताईच्या घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. ताई पोह्यांच्या ताटल्या कुठे ठेवायच्या म्हणून उभी होती, त्या शेवटी मांडीवरच घेतल्या. एकसष्ट फ्रेमा पहिल्यापासून, वेळेच्या क्रमाने बघितल्या.

सलग मालिका बघणं आणि निवडक फोटो बघणं यात फार फरक आहे. मालिकेत पक्षी हलतो. एका फ्रेममधला पांढरा ठिपका पुढच्या फ्रेममध्ये नाहीसा झाला तर तो उजेडाचा होता हे कळतं. चार फ्रेमांत, चार कोनांतून तो टिकला तर तो पिसाचा आहे. कॉलरचं असंच झालं. जिथे मान उन्हात होती अशा पाचही फ्रेमांत मानेवरचं गडद ठिगळ कुठेच नव्हतं.

एकतिसाव्या फ्रेमने थोडी दिशाभूल केली. तिच्यात पंखाचं टोक फारच बोथट आणि विचित्र वाकलेलं दिसत होतं. भाच्याचा कॅमेरा मिररलेस आहे आणि आवाज नको म्हणून त्याने सायलेंट शटर लावलं होतं. त्या शटरमध्ये बऱ्याच कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो. तेवढ्या वेळात फडफडता पंख पुढे सरकतो आणि चित्रात वाकडा होतो. पंखाच्या आकारावरून ओळखायच्या पक्ष्यांचे फोटो काढताना मेकॅनिकल शटर ठेवावं, असं मी आता सगळ्यांना सांगतो. ती फ्रेम बाजूला ठेवली.

मग चव्वेचाळिसावी आली. दिसायला काहीच नाही. पक्षी आमच्यापासून दूर जाताना एका अंगावर कललेला, शेपटीचं टोक चौकटीबाहेर, डोकं थोडं हललेलं. पण डावा पंख खालून पूर्ण उघडा, आणि सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीशी. पंखाच्या टोकाची सुटी बोटं, म्हणजे विलग झालेली लांब पिसं, चार. हेन हॅरियर या आणखी एका जातीच्या भोवत्याला पाच असतात आणि पंख रुंद असतो, तेव्हा तो तिथेच बाद. महाराष्ट्राच्या माळावर तो तसाही क्वचितच. ती चारही बोटं टोकाकडे भरीव गडद होती. आतल्या प्रायमरींच्या मागच्या कडेला स्वच्छ काळपट किनार होती, साडीच्या काठासारखी, बोटांपासून सेकंडरींपर्यंत अखंड.

पॅलिडच्या पिल्लाचा हा भाग असा नसतो. त्याची बोटं फिकी, टोकापर्यंत आडवे पट्टे दिसणारी, मागची कड पुसट राखाडी, आणि प्रायमरींच्या मुळाशी बूमरँगच्या आकाराचा फिका भाग. चव्वेचाळिसाव्या फ्रेममध्ये यातलं काही नव्हतं. भाचा बराच वेळ त्या काठाकडे बघत राहिला. मग त्यानेच पुढच्या दोन फ्रेमा उघडून तो काठ तिथेही आहे का हे तपासलं. होता.

सत्तावन्न आणि अठ्ठावन्न या फ्रेमांत पक्षी एका ढेकळावर उतरलेला होता, पायाखाली बहुतेक नाकतोडा. मिटलेल्या पंखांची टोकं शेपटीच्या टोकापर्यंत आली होती. माँटेग्यूचा पंख लांब, त्यामुळे बसल्यावर असं होतं. पॅलिडचा पंख शेपटीच्या थोडा अलीकडे थांबतो. पिल्लांचे पंख प्रौढांपेक्षा किंचित आखूड असतात आणि बसलेला पक्षी जरा तिरका असला तरी हे माप चुकतं. म्हणून या खुणेला मी साक्षीदार मानलं, न्यायाधीश नाही.

निकाल: माँटेग्यूज हॅरियर, पहिल्या हिवाळ्यातलं पिल्लू. डोळा सगळ्या चांगल्या फ्रेमांत गडदच दिसत होता. पिल्लांपैकी नरांचे डोळे आधी फिके होतात, म्हणजे ही पोर मादी असू शकेल. पण एवढ्याशा आकारात डोळ्याच्या रंगावर मी पैज लावणार नाही. लिंगाचा रकाना रिकामा ठेवला.

मग एवढा खटाटोप कशाला?

भाच्याने हे विचारलंच. ‘मी पहिल्यांदा माँटेग्यूच म्हटलं होतं ना?’ म्हटलं होतं, आणि जात बरोबरही निघाली. पण ज्या कारणाने म्हटलं ते कारण त्या पक्ष्यात नव्हतंच. पुढच्या वेळी पॅलिडचं पिल्लू सूर्याच्या आड आलं असतं तर त्यालाही तो माँटेग्यूची मादी म्हणाला असता. शिवाय प्रौढ मादी आणि पिल्लू यांचा हिशेब वेगळा असतो. हिवाळ्यात माळावर पिल्लं किती दिसतात यावरून तिकडे उत्तरेला वीण कशी झाली याचा थोडा अंदाज बांधता येतो. वय चुकीचं लिहिलं की तो अंदाजही बिघडतो.

आणि मला कळकळीने वाटतं ते माळाबद्दल. आपली गवताळ राने सरकारी नकाशांत अजूनही ‘पडीक जमीन’ म्हणून मोजली जातात. तिथे झाडं लावायची, सोलर पॅनेल मांडायचे किंवा प्लॉट पाडायचे, तर आड येईल असं कागदावर फारसं काही नसतं. कुणी विचारलं की या ओसाड माळावर काय आहे, तर दाखवायला आपल्याकडे अशा नोंदीच असतात. स्टेपमधून दर हिवाळ्यात इथे येणारा पक्षी कोणता, कोणत्या वयाचा, किती वेळा दिसला. ती नोंद कुणी उलटतपासणी केली तरी टिकली पाहिजे. माझ्या घाईमुळे दोन दिवस ईबर्डवर कडबनवाडीत एक पॅलिड उगाच बसला होता, हे मला अजून लागतं.

भाच्याने नोंद पुन्हा दुरुस्त केली. शेरा त्याने स्वतः लिहिला: बोटं भरीव गडद, प्रायमरींच्या मागे काळपट किनार, छातीच्या बाजूला बारीक रेघा, मानेवर गडद ठिगळ नाही. सोबत तीन फोटो जोडले, तिन्ही फक्त कापलेले, बाकी काही न केलेले. पहिला चव्वेचाळिसावा. सूर्याआडचा तो देखणा फोटो नोंदीत नाही. तो त्याने छापून ताईच्या दिवाणखान्यात लावलाय, आणि तिथे तो फार सुरेख दिसतो.

त्या सकाळी आणखी एक तपकिरी भोवत्या होता, बराच लांब, दुसऱ्या टेकाडावर. कार्डावर त्याच्या दोनच फ्रेमा निघाल्या, दोन्ही पाठमोऱ्या. पांढरा पट्टा दिसतो, कड्या दिसतात, बाकी उन्हाच्या झळा. भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्याने यादी उघडली आणि ‘पॅलिड किंवा माँटेग्यू’ या पर्यायापुढे एक आकडा टाकला.